पडशाचं रजिस्टर

डॉक्टर शिरगुप्पींच्या दवाखान्यात, निपाणीत,
सतरा वर्षं मी पोरांची नावं लिहून घेते.
नाव, वय, गाव, वजन, तक्रार.
तक्रारीत 'प' म्हणजे पडसं, 'ख' म्हणजे खोकला.
कानडी बोलणारी आई नेगडी म्हणते, केम्मु म्हणते,
मी लिहिते प, ख.
नाकाखालच्या दोन वाती
दोन्ही भाषांत सारख्याच ओघळतात.

आमचं गावच शिंकणारं.
वखारीत चाळण फिरली की तंबाखूची धूळ
पार बसस्टँडपर्यंत येते.
शिंकून हैराण झालेला माणूस दिसला
की समजायचं, पाहुणा आहे.
पण धुळीची शिंक वेगळी, पोराची वेगळी.
जुलैत 'प' लिहायला
माझं एक पान एका सकाळीत संपायचं.

मग ते वर्ष.
कोगनोळीच्या नाक्यावर खांब आडवे पडले.
कागद दाखवा. नाक वर करा.
सौंदलग्याची सून, माहेर कागल,
आईशी फोनवर बोलताना
मधूनच गप्प व्हायची.
अंगणवाडीला कुलूप.
सुपाभोवती गुडघ्याला गुडघा लावून
विड्या वळणाऱ्या बायका
आपापल्या उंबऱ्यात एकेकट्या,
तोंडावर जुन्या लुगड्याचा काठ.

जुलै महिना: एक पान, चार नावं.
दोन जुलाब, एक चहानं भाजलेला,
एक चिंचेवरून पडलेला.
'प' नाहीच.
मी शिवण तपासली, पानं फाटली तर नाहीत ना.
डॉक्टर म्हणाले, ज्याच्यासाठी दार लावलं
तो खिडकीतून येतोच आहे,
आणि हे जुने भाडेकरू, न सांगता गेले.
ऑगस्टात दोघं आले, नुसतं नाक वाहणारे.
ही एक जात चिवट, म्हणाले,
साबणालाही फारशी दाद देत नाही.

त्याच महिन्यात इंजेक्शनच्या खोलीतले गंगाप्पा गेले.
त्यांचं नाव माझ्याकडं कुठंच नाही,
हे रजिस्टर पोरांचं आहे.
कोऱ्या रकान्याकडं बघून
मला एकदा बरं वाटलं होतं,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

शाळा उघडल्या
आणि भर उन्हाळ्यात, नको त्या महिन्यात,
बाकावर जागा पुरेना.
प, ख, प, ख, प ख ता,
तीन मशिनी एकदम वाफ सोडत,
बरगड्या आत ओढणारी इवली छाती.
अरमान मुजावर, वय दोन वर्षं तीन महिने,
टाळेबंदीत जन्मलेला.
घर, आई, आजी, छतावरचे पारवे,
एवढीच माणसं पाहिलेला.
रेहाना म्हणाली, ताई, याला पहिल्यांदाच होतंय हे.
तेवढ्यात तो शिंकला
आणि दचकून मागं बघितलं,
कुणी केलं?

ज्यांना थोडं थोडं, वर्षाला एकेक भेटायचं,
डॉक्टर नळी लावत म्हणाले,
ते सगळे पाहुणे एकदम आलेत.
मग चष्मा पुसला. हिशेब इतका सरळ नसेलही.
आजीनं बुरखा सावरत विचारलं,
म्हणजे दार लावलं तेच चुकलं का?
गंगाप्पांची खुर्ची अजून तिथंच होती.
नाही, डॉक्टर म्हणाले.
फार वेळ पुढं काही बोलले नाहीत.
एवढं लिहायला
माझ्याकडं सहावा रकाना नाही.

चार दिवसांनी अरमान परत आला, वजन दहा किलो शंभर.
माझ्या टेबलाशी उभा राहून
सरळ उघड्या पानावर शिंकला.
त्याच्याच नावापुढचा ओला 'प' पसरला, निळा झाला.
मी पदरानं पान टिपलं.
या खेपेला
त्यानं मागं वळून बघितलं नाही.