माप

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर सतरा.
प्लॅस्टिक अंथरलेल्या ओल्या प्लास्टरवर
कुंदा मढवी बसली,
ऐरोलीच्या टोलनाक्यावर बसते तशी.

उठली तेव्हा मागे राहिला
उजवीकडे कललेला एक खळगा.
अकरा वर्षं हात खिडकीबाहेर,
सुट्टे, पावती, सुट्टे.

मी म्हटलं, या बाजूला दोन इंच फोम वाढवू,
पाठ सरळ होईल.
ती हसली,
“नि गाडीवाला? तो सरकणार का जवळ?”

मोजपट्टी खाली ठेवली.
कमरेची उशी नंतर बघू.
आधी खुर्चीच फिरवली खिडकीकडे,
वीस अंश.

साचा अजून फळीवर आहे.
वाळलाय, पण फोडवत नाही.
दुपारी त्यात डबा ठेवतो,
तर तोही
उजवीकडेच घसरतो.