भूगोलाचा तास

शुक्रवारचा शेवटचा तास भूगोलाचा.
आज तो रद्द.
आज मुलींची डोकी.

बुआखिआव मावशी सकाळपासून परसात
सीताफळाची पानं खुडते आहे.
बिया गेल्या हंगामातल्या,
बिस्किटांच्या डब्यात राखलेल्या,
काळ्याभोर, हातातून निसटणाऱ्या.
स्वयंपाकघरात दगडी खल दोन:
एक मिरचीचा, एक उवांचा.
उवांच्या खलाला लाल दोरा बांधलाय,
कारण नवे मास्तर एकदा त्यात पपई कुटायला बसले होते
आणि मावशीने धावत येऊन त्यांचा हात धरला होता.

दवाखान्याच्या गुलाबी बाटल्या
जूनमध्येच संपल्या.
डोंगराखालून गाडी येईल तेव्हा येईल.
तोवर हे: कुटलेलं बी, पानांचा हिरवा चोथा,
वर खोबरेल,
आणि असा वास की कुत्रीसुद्धा उठून गेली.

तेरा मुली बाकांवर.
मानेभोवती पंचे, डोळ्यांवर घट्ट फडकी.
“उघडाल तर रात्रभर रडाल,” मावशी बजावते.
केवढे डोळे त्या फळाला,
आणि त्याचंच बी
डोळ्यांच्या मुळावर उठलेलं.

घड्याळ बंद आहे, म्हणून वेळ पाढ्यांनी मोजायचा.
बे पासून बारापर्यंत, दोनदा, सावकाश.
आंधळी कोशिंबीर खेळायला बसल्यासारख्या
तेरा मुली अंधारात मोठ्याने म्हणतात,
आणि सात सक बेचाळीसला
नेहमीसारख्या सगळ्या मिळून अडखळतात.

बारा, खरं तर.
तेरावी एपॉ.
तिने वेणी दोन्ही मुठींत धरून ठेवली आहे.
एकोणीस दिवस सोडलेली नाही.
आई लाम्फूनला गेली, लोंगनच्या बागेत, तोडणीला,
आणि जायच्या पहाटे
शेवटची ही एवढी वेणी घालून गेली.
मी लिखा दाखवल्या. मी रागावले.
मी म्हटलं, आई आली की पुन्हा घालेल.
किती सहज म्हणतो आपण मास्तरणी.

मावशीने तेलाचे हात पदराला नव्हे, गुडघ्यांना पुसले
आणि तिच्यामागे फतकल मारून बसली.
“तीन पेडांची नाही गं ही.”
“चार,” एपॉ म्हणाली.
“मला नाही येत चारची. शिकव.”
“कशी?”
“उलटी. तू सांग, मी सोडते.
कुठला कुणाखालून गेलाय, ते सांगत जा.”

मग पाढ्यांच्या गलक्यात
एक बारीक आवाज
बोटांनी चाचपत चाचपत सांगत राहिला:
हा याच्यावरून. हा दोघांखालून.
नाही, थांब. आधी तो.
मी हजेरीच्या वहीच्या मागे
बाण काढत गेले.
आयुष्यात पहिल्यांदा मी एक रस्ता
गावाकडून उगमाकडे काढला.

केस सुटले तेव्हा तिच्या पाठीवर
नागमोडी वळणं तशीच राहिली होती.
मावशी क्षणभर थांबली,
मग तेल ओतलं.

गार पाणी, साबण, पुन्हा पाणी.
फण्या फिरल्या जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर,
आणि उवा पडल्या टपटप,
काही अजून पाय हलवणाऱ्या.
मुलींनी नखावर कचाकच चिरडल्या,
कोण जास्त मारतं यावर भांडल्या.
“लिखा तेलाला भीक घालत नाहीत,” मावशी म्हणाली,
“पुढच्या शुक्रवारी परत.”

संध्याकाळी वहीतले बाण उलटे वाचत
मी एपॉची वेणी घातली.
वाकडी झाली.
तिने मागे हात नेऊन ती तपासली,
तिसऱ्या वळणावर बोट थांबलं.
“इथे चुकलंय,” म्हणाली,
पण सोडली नाही.

रात्री कंदिलाशी तालुक्याचा फॉर्म भरला.
बाधित विद्यार्थी: तेरा.
तेवढ्यात कानामागे काहीतरी चाललं.
रकाना फक्त विद्यार्थ्यांचा आहे, ठाऊक आहे.
तरी खोडलं. चौदा लिहिलं.
दाराशी मावशी उभी,
वाटीत उरलेलं तेल,
खांद्यावर फडकं.
“डोळे मिट,” म्हणाली.