डावीकडे कललेली

सिंचन खात्यात एकतीस वर्षं
मी कालव्यांच्या रेषा ओढल्या,
शून्य पॉइंट दोनच्या पेनानं.
रेघेवर रेघ कधी चढली नाही.

निवृत्तीनंतरच्या मे महिन्यात
पाचपावलीच्या पुलावर
एका स्कूटरवर दुसरी स्कूटर बसलेली दिसली.
तोच माणूस, तेच दुपट्टा गुंडाळलेलं डोकं.
डावा डोळा झाकला की वरची जायची,
उजवा झाकला की खालची.
यातली खरी कोणती, हे कोणाला विचारू?

धंतोलीत डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला,
उजव्या डोळ्यापुढं लाल काच धरली.
"ठिपक्यातून रेघ जाते?"
"खालून जाते."
"किती खालून?"
"दोन मिलिमीटर," मी सवयीनं म्हणाले.
त्या हसल्या.
मग म्हणाल्या, जुने फोटो घेऊन या.

लोखंडी पेटी उघडली.
दहावीचा, आयटीआयचा, लग्नातला,
ओळखपत्रांवरचे चार.
सगळ्यांत डोकं डाव्या खांद्याकडे,
जसं तिथं कोणी काही सांगून राहिलं आहे.
इतवारीतला फोटोग्राफर हनुवटी धरून सरळ करायचा,
कॅमेऱ्यामागं गेला की मी पुन्हा तिरपी.
आई ओरडायची, "मान सरळ ठेव वं पोट्टे,
पाहाले येणारे म्हणतीन, पोरगी लचकली हाय."
कोणाला ठाऊक होतं,
ती मान दोन चित्रं एकावर एक धरून उभी होती,
इतकी वर्षं, बिनपगारी.

आधी काचेवर एक पट्टी चिकटवली,
नांगरल्यासारख्या बारीक सऱ्यांची.
दिव्यांना झालर आली, पण स्कूटर एक झाली.
तीन आठवड्यांनी पुन्हा फटीएवढी सुटली.
"डोळ्यांनी तेवढं प्रिझम खाऊन टाकलं," बाई म्हणाल्या,
"आतलं दडवलेलं आता बाहेर काढताहेत.
थोडं वाढवू."

आता मान सरळ आहे.
आरशात कोणी ताठ बाई उभी असते,
मी तिला जरा बिचकते.
खांदा रात्री अजून वाट पाहतो.

परवा नात चित्र काढत बसली होती, सावी,
डोकं डावीकडे टाकून.
मी घाबरून तिला बाईंकडे नेलं.
लाल रेघ ठिपक्यातून नीट गेली.
"डोळे छान आहेत," बाई म्हणाल्या,
"ही नुसती तुमच्यासारखी बसते."

परतताना ऑटोत मी चष्मा काढला.
दोन सावी, एक जरा वर.
दोघींच्या माना डावीकडे.
आईचं वाक्य ओठांशी आलं.
मी चष्मा घातला,
आणि ते तिथंच राहू दिलं.