‘अचानक’ जपून वापरा

लुंडग्रेनसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
आगीच्या बातमीत ‘अचानक’ लिहायचं नाही.
आग काय कळवून लागते?
गारा, हिमवादळ, हॉकीतला शेवटच्या मिनिटाचा गोल,
कुठेही नाही.
तो शब्द चौथ्या पानासाठी ठेवायचा.

मी एकोणीस वर्षांची. साल त्रेपन्न.
मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला लोखंडाच्या खाणींचं गाव,
दोरीवरच्या चादरींवर लाल धूळ,
आणि दर गुरुवारी निघणारं आमचं आठ पानी पत्र.
मला वाटलं, म्हाताऱ्याचा व्याकरणाचा सोस असेल.

मग प्रुफं वाचायला लागले.
‘दीर्घ आजाराने’ म्हणजे कॅन्सर, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक.
‘खाणीतील अपघातात’ म्हणजे खाणीतील अपघातात.
आणि ‘राहत्या घरी, अचानक’...
एइनो रौतिओ, वय एक्केचाळीस.
मागे पत्नी, तीन मुलं, फिनलंडात एक बहीण.
कशाने, ते गावात कुणी विचारलं नाही.
बायका झाकलेली भांडी घेऊन गेल्या.
परसातल्या सौनाला कुणीतरी
आधीच बाहेरून कडी घातली होती.

लायनोटाइपवर कोचेवार बसायचा.
त्याच्या खणात ती ओळ तयारच असे, शिशाची, काळी पडलेली.
‘दरवेळी नव्याने कशाला पाडायची?’ म्हणायचा.
नाव तेवढं बदलायचं.

मार्चमध्ये मिसेस मिहेलिच आल्या.
बूट पायपुसण्यावर पुसत राहिल्या,
लागतो त्याहून बराच जास्त वेळ.
तो शब्द मीच सुचवला, आवाज उतरवून,
दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला
मूठभर जास्त घालतो तसा.
‘अचानक?’ त्या म्हणाल्या.
‘नोव्हेंबरपासून जात होता तो.
आधी पत्ते गेले, मग दाढी करणं,
मग कुत्र्याला हाक मारणं.
रोज बघत होते मी. अचानक कसलं, पोरी?’
मी पेन्सिल उचलून धरली.
‘लिही,’ त्या म्हणाल्या, ‘तेच लिही.
नाहीतर लोकांना वाटेल, काहीतरी लपवतोय.’

त्याच उन्हाळ्यात सेल्मा ऑस्टबी, वय चौऱ्याहत्तर.
ओव्हनमध्ये पाव, हातात फडकं, आणि संपलं.
खरोखरीचं, डॉक्टरच्या सहीचं अचानक.
तिचा मुलगा काउंटरशी टोपी फिरवत उभा होता.
‘तेवढा शब्द नको,’ म्हणाला.
आम्ही छापलं: अल्पशा आजाराने.
पाव करपायला लागतो
तेवढ्या वेळाचा आजार.

शुक्रवारी सगळं शिसं भट्टीत जायचं.
नावं, साखरेचे भाव, चर्चमधलं मासळीचं जेवण,
सगळ्याचा एकच रस.
कोचेवारचा खण मात्र कुणी रिकामा केला नाही.
यंत्र भंगारात गेलं तेव्हा तो खणही गेला असेल;
मी पाहायला गेले नाही.

आता नव्वदी गाठायला आली.
डल्यूथहून लेकीचा फोन येतो,
‘आई, अचानक तुझी आठवण आली गं,’
आणि मी विचारते,
‘कोण?’