पाणसळ

देट्लेफच्या तळघरात एकूण तेवीस जोड.
तेविसांनाही त्यानं टॉयलेट पेपर गुंडाळलाय,
दवाखान्यातल्या रांगेसारखे पाईप उभे.
मी टॉर्च धरतो. माझं काम तेवढंच:
कागद कुठे राखाडी होतो ते बघायचं.

बाराशे लिटर. बोट्रॉपच्या नळाचं, चुनखडीचं.
काच इतकी पुसलीय की हात आपटतो.
मासे अजून दुकानात आहेत,
बशीएवढे, चपटे, निळ्या रेघांचे;
एकाची किंमत किती, हे रोझविथाला माहीत नाही.
मला माहीत आहे, म्हणून तिच्याकडे बघत नाही.

पहिली गळती सोपी निघाली.
वायसर नटाच्या बाजूला बसवला होता,
हवा होता काचेच्या आत.
चाळीस वर्षं पाईप जोडणारा माणूस
स्वतःलाच आजोबांची पोलिश शिवी हासडतो,
जी तो फक्त जमिनीखाली वापरायचा.

दुसरी, युनियनमधली रबरी रिंग.
ती मिळाली टेबलावर, कॉफीच्या मगाखाली.

तिसरी मिळेना.

सातव्या जोडाखाली दह्याचा डबा ठेवला.
टप्.
घड्याळ लावलं: चाळीस सेकंदांना एक.
पान्ह्यानं अर्धा आटा आवळला: तीस सेकंदांना एक.
कापलं, घासलं, नवा गोंद, एक दिवस थांबलो,
टप्.
वरून रोझविथानं विचारलं, सूप गार करायचंय का तुम्हाला.

मग त्यानं पाईपला कान लावला.
तसाच लावायचा तो, आठशे मीटर खाली,
ओल्या दगडाला गाल टेकवून.
म्हणायचा, उजवीकडे, आत, पाणी आहे.
आम्ही मागे सरायचो. इंजिनियरही सरायचे.
झोंगुलडाकहून आलेले माझे वडील म्हणत,
या पोराच्या कानावर जेवतोय आपण.
खाण बंद झाली, पंप नाही झाले.
आत्ताही कुठेतरी आमच्या पायाखाली उपसतायत,
आणि उपसतच राहणार,
आमच्या पेन्शनी संपल्या तरी.

आज कानाला काही लागेना.
मी कंटाळून टॉर्च खाली केला
आणि म्हणालो, देट्लेफ, पाणी वाकडं आहे.
"पाणी कधी वाकडं नसतं, सबाहत्तिन."
नसतंच.
डावीकडे काठापासून दोन बोटं, उजवीकडे चार.

पाणसळ ठेवली.
बुडबुडा धुण्याच्या मशीनकडे निघून गेला
आणि तिथेच बसला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग तो म्हणाला, सत्त्याऐंशी साली
इथूनच गेलो होतो आपण. डाव्या अंगानं.
दीड मीटरचा थर. चांगला कोळसा होता.

वीस वर्षं रोझविथा सांगत होती,
ताटलीत सूप एका बाजूला जातं.
वीस वर्षं तो म्हणत होता, टेबलाचा पाय.

पाईप त्यानं ओळंब्यानं सरळ लावला होता.
टाकी घराबरोबर कललेली.
सातवा जोड दोघांच्या मध्ये,
दोघांचंही खरं मानणारा.

सगळं पाणी सोडलं, मोरीतून, रात्री साडेअकरापर्यंत.
डाव्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या.
सातव्याला कापून मध्ये वीतभर रबरी नळी,
दोन्ही टोकांना पट्ट्या.
हललं तर हलू दे, म्हणाला,
घर अजून थांबलेलं नाही.
जोड आता चोवीस झाले.

रोझविथा सांगते,
पहाटे चारला, पहिल्या पाळीच्या वेळेला,
तो अनवाणी खाली उतरतो,
एकेक कागद चिमटीत धरतो,
मग दिवा लावून बसतो
नुसत्या पाण्यासमोर.
मासे यायला सहा आठवडे आहेत.

काल मी विचारलं, कागद काढायचे का आता?
काढ, म्हणाला.
सातव्याचा राहू दे.