लोखंडाची चव

रिवणच्या उतारावर, इनास बार्रेटोच्या शेडमध्ये
चौदा नंबरची डुकरीण गज चावते आहे.
डावीकडून उजवीकडे सात वेळा, मग फेस,
मग रिकाम्या तोंडाचं चघळणं,
मग पुन्हा डावीकडून.
मी मोजते. सरकारी दवाखान्यातून आलेल्या बाईचं
कामच ते.

पिंजरा तिच्याएवढाच. वळता येत नाही.
सकाळचं खाणं चार मिनिटांत संपतं
आणि जिभेला वाटत राहतं, आत्ता कुठे बसलोय पानावर.

"दोतोर, खूळ लागलंय तिला."
खूळ कसलं, इनास.
डोक्यात खोल एक जुनी वाट आहे डोपामाइनची,
उकरण्यासाठी पडलेली:
कंद, गांडूळ, चिखल, पिलांसाठी घरटं.
माती नसली तरी वाट चालूच,
विहीर आटल्यावर फिरणाऱ्या मोटरसारखी.
आणि चावता चावता मेंदू
अफूसारखं काही थेंबथेंब सोडतो.
तुझ्या काजूच्या भट्टीसारखं,
फक्त गाळणारीही तीच, पिणारीही तीच.

कुठे तरी वाचलं होतं, अफूचा उतारा दिला की थांबतं.
नॅलॉक्सोनची एक कुपी होती. टोचली.

थांबलं.
पत्र्यावरून खार गेलेली ऐकू आली.
"बरी झाली!" इनास हसला.

ती फक्त तिथं होती आता, सबंध.
गज, सिमेंट, स्वतःचं मूत, माझे बूट.
तिनं माझ्याकडे पाहिलं असं मी लिहिणार नाही.
डोळे उघडे होते, एवढीच नोंद.

तासाभरानं औषध उतरलं. डावीकडून उजवीकडे, सात.
मला हायसं वाटलं.
त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाहेर फणसाखाली इनासचा टिपर,
खाण बंद झाल्यापासून विटांवर.
रोज संध्याकाळी सहाला तो वर चढतो,
क्लच दाबतो, गिअर टाकतो, काढतो, टाकतो.
पिएदाद दारातून बघते. हाक मारत नाही.

गज कापायला पैसे नाहीत म्हणाला. नसतीलच.
पुढच्या खेपेला मीच पेंढ्याचा भारा नेला,
स्कूटरला बांधून, सांग्याहून.
त्यानं कुरकुरत तिच्यापुढे सोडला.

तिनं नाक खुपसलं. उडवलं. पुन्हा खुपसलं.
तोंडभर घेऊन पोटाखाली ओढू पाहिलं,
जागा नव्हती, तरी ओढलं.
गज पाच वेळा. मग पेंढा. मग बराच वेळ पेंढा.

सहा वाजून गेले.
इनास तिथंच उकिडवा बसलेला,
हातातली काडी मोडायची विसरून.