पेटी

सोमवारी बाजार उघडला आणि पडला.
रंकाळ्याच्या कठड्यावरून खडा निसटावा तसा,
आवाज थोडा,
तरंग मात्र उद्यमनगरात आमच्या टेबलापर्यंत आले.

शीतल चौगुले, अकाउंट्स, वय सत्तावीस,
नावाला शीतल, कपाळावर घाम.
"काकी, अठरा टक्के गेले माझे. विकून टाकतोय.
उरलंय तेवढं तरी हातात."
डबा तसाच उघडा, आमटीवर तवंग गोठलेला.

मी काही बोलले नाही.
माझेही गेले होते. चौदा वर्षांचे,
दर पाच तारखेला पगारातून बाजूला काढलेले,
आधी पाचशे, मग हजार, मग जमेल तसे.
एक आकडा होता, भावालाही न सांगितलेला.
तो आता मागच्या गौरी-गणपतीत जाऊन बसला होता.
पोटात कालवलं. खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शेडमधून हाक आली,
हीटची नोंद घ्यायला.
दस्तगीरचाचा मुजावर पेटीपाशी उकिडवे बसलेले.
पंपाची बॉडी ओतून झाली होती, चारशे किलो.
वाळूच्या पोटात लाल लोखंड,
वरून बघावं तर नुसती काळी वाळू
आणि कडेनं सुटणारी वाफ.

"कधी उघडायची?"
एकवीस वर्षं रजिस्टर लिहितेय, तरी विचारलं.
"उद्या सकाळी. आत्ता उगडली तर वारा लागंल, टिचंल.
बाळू सुतारनं उगडलीती एकदा,
गारगोटीची एस्टी गाठायची म्हनून."
ती बॉडी अजून कोपऱ्यात आहे,
चीर गेलेली, वरच्या तोंडापासून पार खालपर्यंत.
आम्ही तिच्यावर चहाचे कप ठेवतो.

पण नुसतं थांबणं म्हणजे काही पुण्य नव्हे.
माझे वडीलही थांबले होते,
पतसंस्थेच्या बंद शटरसमोर, आठ वर्षं,
पासबुक रुमालात गुंडाळून.
त्या पेटीत वाळूच ओली होती.
ओतायच्या आधी मुठीत दाबून बघायची असते,
ते कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून रात्री वही काढली.
मार्चची कॉलेजची फी बँकेत, वेगळी.
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, वेगळं.
सहा महिन्यांचं घरभाडं, किराणा.
उरलं ते साठीनंतरचं. मी एकोणपन्नास.
कुठल्या कंपन्या, कशात किती, पुन्हा एकदा वाचलं.
वाळू कोरडी होती, माझ्या समजुतीप्रमाणे तरी.

फोन पोह्यांच्या डब्यात ठेवला.
अकराला काढला.
परत ठेवला.
साडेबाराला झाकणावर हात ठेवून उभी राहिले,
आणि मला गंगावेशीतला दूधकट्टा आठवला.
तिथं लोक ग्लास धरून उभे असतात,
फेसासकट पितात, मिशा पुसतात,
पण म्हशीची आजची किंमत काय
हे मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.
मालकालाही नाही.
हसू आलं. झोप मात्र दोनला लागली.

सकाळी पेटी उघडली.
चाचांनी वाळू झाडली, हातोडीनं बॉडीला टोला दिला
आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.
टण्ण.
आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत सरळ गेला.
"हां," एवढंच म्हणाले.

सव्वानऊला बाजार उघडला, आणखी पडला.
तारीख पाच होती.
हप्ता कापल्याचा मेसेज आला,
नेहमीसारखाच, त्याच रुक्ष भाषेत.

अकराच्या चहाला शीतल आला, डोळे तांबारलेले.
निम्मं विकलं होतं, निम्म्यावर हात थांबला होता.
"काकी, उघडलं का?"
"पेटी होय? उघडली. चांगली निघाली."
"पेटी न्हवं ओ."
"ते व्हय. ते अजून गरम आहे."

तो बघत राहिला,
मग काही न बोलता कप ठेवला,
बाळू सुतारच्या बॉडीवर,
चिरेच्या जरा अलीकडे.